गोधडीसाहेब आणि पश्चिमेची भिंत

रोह्याबाहेर, वरसे गावाच्या बाजूला बांधलेल्या आमच्या शाळेची पश्चिमेची भिंत पहिल्याच पावसाळ्यात का भिजली, या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. प्रश्न लहान आहे. उत्तरही फार मोठे नाही. परंतु ती भिंत ज्यांनी रेखली त्या गृहस्थांची ओळख करून दिल्याखेरीज ते उत्तर कोणाला पटणार नाही. गणिताच्या शिक्षकाने आधी पक्ष मांडावा आणि मग सिद्धता द्यावी, तसाच हा क्रम ठेवतो.

कोणाच्याही घरी गेले, की ते गृहस्थ नमस्कार करण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला डावा तळहात लावीत. यजमान ‘या, बसा’ म्हणत असे आणि हे भिंतीशी डोळे मिटून उभे. मग हात काढून घेत, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा पँटीला पुसत आणि म्हणत, “ताप आहे.” किंवा क्वचित, “ठीक आहे.” एवढे झाले म्हणजे बसत. डावाच हात का, असे मी पहिल्या भेटीतच विचारले होते. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तळव्याची कातडी गुळगुळीत, चकचकीत होती. “हा वाफेच्या नळीला चिकटला होता. याला आता ऊन-थंड काही कळत नाही. डावा शाबूत आहे, म्हणून तोच साक्षीला.”

ती वाफेची नळी रोह्याच्या एका केमिकल कंपनीतली. स्थापत्याची पदविका घेऊन ते तिथे लागले ते बांधकामावर. पण माणसे कमी पडली म्हणून त्यांना नळ्यांच्या लॅगिंगवर घातले. लॅगिंग म्हणजे गरम नळीला बाहेरून दगडी लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर पत्रा चढवायचा. मोठमोठ्या खनिज दगडांचा रस करून त्याचे तंतू काढतात, त्यांचे ते पिवळट, अंगाला खाजवणारे जाड पापुद्रे. कंपनीत त्यांना रॉकवूल म्हणत. सात वर्षे त्यांनी नळ्या गुंडाळल्या. या सात वर्षांत ते एकच गोष्ट शिकले, असे ते सांगत. नळी शंभर फूट गुंडाळली आणि मधला एक जोड उघडा ठेवला, तर उष्णता त्या जोडाचा पत्ता बरोबर शोधून काढते. “तिला आपल्यापेक्षा जास्त भूमिती येते, गुरुजी.”

पुढे कंपनी सोडून त्यांनी पेणला नकाशे काढण्याचे लहानसे कार्यालय थाटले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, की आपल्याकडे घर बांधतात आणि मग आतल्या माणसाला पंखा देतात. त्याऐवजी घरालाच बाहेरून पांघरूण घाला, अखंड, कुठेही फट न ठेवता. दिवसभर उन्हात तापते ती भिंत. तापलेली भिंत संध्याकाळी आत शेकोटी पेटवते. ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचे नाही. हे ऐकून गवंड्यांनी त्यांचे नाव ठेवले ‘गोधडीसाहेब’. नाव चेष्टेने पडले होते. त्यांनी ते आपलेसे केले. एकदा तर एका पत्राखाली तशी सहीच करून पाठवली.

त्यांच्या घराला लागूनच गणपतीचा एक कारखाना होता. मालकीण म्हणजे आक्का. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या अंगाला ठेवलेल्या शाडूच्या मूर्तींना वाळता वाळता तडे जात. नेमके कानाच्या मागे आणि पोटावर. आक्का माती बदलून पाही, कारागिरांना बोल लावी. गोधडीसाहेबांनी पत्र्याला हात लावला आणि निदान सांगितले. मग दोन रविवार खपून त्यांनी त्या बाजूला बाहेरून भाताच्या पेंढ्याच्या पेंड्या दाबून बसवल्या, वर कामट्यांची जाळी आणि मातीचा जाड गिलावा. त्या वर्षी तडे गेले नाहीत. आक्का त्यांच्या पत्नीला म्हणाली, “वहिनी गो, तुझ्या नवऱ्याचा हात लई गुणाचा हाय.”

वहिनी हसून म्हणाल्या, “हात गुणाचा आहे, पण तो भिंतींनाच लागतो. लग्नात माझा हात धरायच्या आधी यांनी मांडवाचा खांब चाचपला होता. माझ्या आईनं पाहिलंय.”

“पश्चिमेचा होता तो,” गोधडीसाहेब गंभीरपणे म्हणाले.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. ती मी पुढे भूमितीच्या तासाला वापरली, आणि तिचे श्रेय कधी दिले नाही, ते इथे देतो. इमारत उभी कापली तर कशी दिसेल, तो छेद ते कागदावर काढीत. मग तांबडी पेन्सिल हातात देत आणि सांगत, “पायाच्या इथून सुरुवात करा. पांघरुणाची रेघ भिंतीवरून वर न्या, स्लॅबच्या कडेवरून, छपरावरून, पलीकडच्या भिंतीने खाली आणा. पेन्सिल उचलायची नाही. जिथं उचलावी लागेल तिथून ऊन आत येणार.” मी प्रथम प्रयत्न केला तेव्हा खिडकीवरच्या छज्ज्याशी पेन्सिल अडली. छज्जा स्लॅबमधूनच बाहेर काढलेला असतो. पांघरूण तिथे फाटते. “बघा,” ते म्हणाले, “हा छज्जा म्हणजे उघडा जोड. सावली देतो एका हाताने आणि ऊन आत घेतो दुसऱ्या हाताने.” त्यांनी खोडरबर घेतले, छज्जा पुसला आणि भिंतीपासून चार बोटे दूर, स्वतःच्या दोन खांबांवर उभा केला. मग माझ्या हातून रेघ एका दमात पूर्ण झाली. असे समाधान मला वर्गात फार थोड्या वेळा मिळाले आहे.

नवे काही करू पाहणारी माणसे बहुधा नियमांवर चिडलेली असतात. हे तसे नव्हते. बांधकामाच्या नियमावलीला त्यांनी खाकी कव्हर घातले होते, आणि ते पुस्तक इतके हाताळलेले होते, की मधली पाने स्वतंत्र झाली होती. “नियम हे पहिलं गिऱ्हाईक. ते खूश झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही,” असे ते म्हणत. आमच्या शाळेचा नकाशा मंजुरीला नेला तेव्हा मी बरोबर होतो. कचेरीतले ओव्हरसियर वयस्कर आणि सावध होते. त्यांनी भिंतीवरचा तो तांबडा पट्टा बोटाने दाखवला.

“हे काय? असलं काही पुस्तकात नाही.”

“पुस्तकात नाही, म्हणून मी त्याला भिंतच धरलंय, साहेब. हद्दीपासूनचं सामासिक अंतर मी विटेपासून मोजलेलं नाही. गिलाव्याच्या बाहेरच्या अंगापासून मोजलंय. वीट तेवढी आत घेतलीय.”

ओव्हरसियरांनी पट्टी लावून पाहिली. अंतर बरोबर होते. “आणि पेटलं म्हणजे? शाळा आहे. पोरं आहेत.”

याच प्रश्नाची गोधडीसाहेब वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून दोन तुकडे काढले, एक थर्माकोलचा आणि एक दगडी लोकरीचा, आणि आम्हां सर्वांना मागच्या अंगणात नेले. काडी लावताच थर्माकोल काळा धूर सोडत वितळून थेंब थेंब गळू लागला. चहावाला आपली किटली घेऊन लांब सरकला. दगडी लोकरीच्या तुकड्याला त्यांनी सबंध काड्यापेटी संपेपर्यंत जाळ दिला. तो नुसता करपट झाला. “लोक मला म्हणतात, थर्माकोल लावा, हलकं काम आहे. मी लावत नाही. पोरांच्या अंगावर पेटणारी गोधडी घालायची नसते.”

ओव्हरसियरांनी नकाशावर शिक्का मारला. जाताना मात्र म्हणाले, “शिक्का दिलाय, पण पावसाचं माझ्याकडे काही नाही हां. तो कुणाचा शिक्का बघत नाही.”

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही तीच शंका होती. त्यांनी अट घातली. आधी चार खोल्यांची पश्चिमेची बाजू बांधा. एक पावसाळा जाऊ द्या. भिंत कोरडी राहिली तर दुसरी बाजू याच पद्धतीने होईल, आणि संस्थेच्या आणखी दोन शाळांचे कामही तुमच्याकडेच येईल. भिजली, तर हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. गोधडीसाहेबांनी हात पुढे केला आणि अट मान्य केली. त्यांचे सगळे म्हणणे त्या एका पावसाळ्यावर टांगले गेले. ते त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते.

बांधकामाची देखरेख समितीने माझ्याकडे सोपवली होती, कारण माझ्या नोंदी व्यवस्थित असत. विटेची भिंत झाल्यावर तिला बाहेरून दोन इंच जाडीची दगडी लोकर लागली. जोडावर जोड येणार नाही अशी, विटांची रचना असते तशी. वर कोंबडीजाळी. ती धरायला विटांच्या सांध्यांतून आधीच काढून ठेवलेल्या बारीक तारा. वरून दोन थरांचा गिलावा, आणि तळाशी चुकून पाणी शिरलेच तर ते निघून जावे म्हणून बारीक उतरती फट. पावसाच्या पाण्याचा नळसुद्धा भिंतीला धरलेला नव्हता. तो छज्ज्याच्या खांबाला बांधला होता. काम संपले त्या दिवशी गोधडीसाहेबांनी मला भिंतीसमोर उभे करून सांगितले, “आता हिच्यात बाहेरून काही ठोकायचं नाही. घंटा नाही, फळा नाही, झेंड्याची दोरीसुद्धा नाही. वरची कातडी इंचभर आहे. आत लोकर आहे. लोकर पाणी प्यायली की सोडत नाही. लिहून घ्या.”

मी बांधकामाच्या नोंदवहीत, ‘भिंत : सूचना’ या मथळ्याखाली, तारीख घालून ते लिहून घेतले.

त्या एप्रिलमध्ये जुन्या शाळेला जोडलेल्या पत्र्याच्या शेडमधले वर्ग दुपारी भरवणे अशक्य होई. नव्या खोल्यांत मुले तिसऱ्या प्रहरी उत्तरे देत. इतर वर्गांची मुले काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन बसत. शिपाई आपले जेवण तिथे आणू लागला. गोधडीसाहेब महिन्यातून दोनदा पेणहून रोह्याच्या गाडीने येत. चारच्या सुमारास ते आधी जुन्या शेडच्या पत्र्याजवळ हात नेत, मग नव्या खोलीत आतून भिंतीला लावत. तोंडाने काही बोलत नसत. त्यांचे हसू दाबून धरलेले मला दिसे.

आता धर्मा. तो भातशेती करणारा, दोन मुलींचा बाप, आणि शाळेचे कोणतेही काम पडो, माणसे घेऊन हजर होणारा. आमच्या भागात मातीच्या भिंती पावसाच्या झडीने धुपतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेच्या अंगाला झाप बांधण्याची रीत आहे. झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा पडदा. बांबूच्या खुंट्या तासून भिंतीत ठोकायच्या आणि त्यांना हे पडदे बांधायचे. ज्याने घराला झाप बांधला नाही तो आळशी ठरतो. जुन्या शाळेच्या दगडमातीच्या भिंतीलाही धर्मा आणि त्याचे भाऊबंद दरवर्षी झाप बांधून देत, फुकट आणि न सांगता.

न सांगता, असे मी लिहिले. ते पूर्ण खरे नाही. पावसाळ्यापूर्वीच्या कामांची एक यादी मी दरवर्षी करीत असे. ती वेगळ्या वहीत होती. यादी करताना गेल्या वर्षीची समोर ठेवून उतरून काढायची, म्हणजे काही सुटत नाही, ही माझी पद्धत. त्या वर्षीही मी तसेच केले. कौले चाळणे, गटार उपसणे, तुळया पाहणे. आणि सातवी ओळ, ‘पश्चिमेच्या भिंतीस झाप बांधून घेणे.’ यादी धर्माच्या हाती दिली आणि सुटीत मी गावी गेलो. जूनमध्ये परतलो तेव्हा नव्या भिंतीवर एका रांगेत, सुबक, हिरवट-पिवळे झाप बांधलेले होते. मी वही उघडली आणि सातव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

ती खूण करताना माझा हात थांबला नाही. दोन वह्या होत्या. दोन्ही माझ्या अक्षरातल्या होत्या. आणि त्या मी कधी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

जुलैच्या मध्याला खोल्यांमध्ये आतून डाग उमटले. पहिल्या दिवशी एक, आठवड्यात वीस-पंचवीस. सगळे ओळीत होते. मी फूटपट्टी घेऊन त्यांच्यातले अंतर मोजले. प्रत्येक अंतर सारखे होते, सुमारे दोन हात. पाणी आपल्या मर्जीने शिरते तेव्हा असे समान अंतरावर शिरत नाही. मी पट्टी खाली ठेवली, भर पावसात बाहेर गेलो, एका झापाची कड उचलली, आणि खुंटीच्या भोवतीने गिलावा फुगलेला पाहिला. प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले होते. म्हणजे गोधडीसाहेबांना निरोप धाडण्यापूर्वीच मिळाले होते.

ते दुसऱ्या दिवशी आले. छत्री मिटून त्यांनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग झापाची कड उचलली.

“हे कोणी बांधलं?”

धर्मा शेजारीच होता. तो पुढे झाला. “आमी बांधलं, साहेब. दर साली बांधतो. औंदा तर चांगलं डबल विणीचं केलंय. नवी शाळा हाय, भिजाय नको म्हटलं.” मग कौतुकाने म्हणाला, “पन साहेब, भिंत तुमची लई मऊ! जुनीला मोगरी मारून मारून खांदं निखळायचं. हिच्यात खुंटी लोण्यात गेल्यागत गेली.”

गोधडीसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते ओरडतील. त्यांनी झापावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “वीण सुरेख आहे, धर्मा. तुझ्या हातची?”

“माझी नि बायकोची. तिची जास्ती.”

“तिला सांग, साहेबांना आवडली.”

धर्मा खुशीत गेला. तो गेल्यावर गोधडीसाहेब माझ्याकडे वळले. “याला कोणी सांगितलं होतं?” मी हात पुढे करून झापाची कड नीट बसवू लागलो. तेवढ्यावरून त्यांना कळले. “बरं. परवा संस्थेची सभा आहे. खुंट्यांची गोष्ट तिथं निघाली पाहिजे, आणि ती तुम्ही काढा, गुरुजी. मी काढली तर सबब वाटेल. धर्मावर काही येऊ देऊ नका. त्यानं भिंतीवर माया केलीय. चूक झाली एवढंच सांगा. खुंट्या काढू, भोकं बुजवू, लोकर बदलू. पावसाळा अजून आहे. भिंत अजून पास होईल.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सभा त्याच खोलीत झाली. डाग सर्वांच्या समोर होते. अध्यक्षांनी गोधडीसाहेबांना बोलू दिले. ते म्हणाले, पाणी भिंतीतून झिरपलेले नाही. ते बाहेरून ठरावीक जागी शिरले आहे. “थर उघडून बघा. मग ठरवा.”

“उघडणारच आहोत,” अध्यक्ष म्हणाले. “कायमचा.” काही जण हसले. “काय पण म्हणा, साहेब, गोधडी भिजली की सुकता सुकत नाही, हे आमच्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. तुम्हांला पदविका घेऊनही कळलं नाही.” पुन्हा हसू. मग ते माझ्याकडे वळले. “गुरुजी, देखरेख तुमची. बाहेरून भिंतीला कोणी काही केलं होतं का?”

मुख्याध्यापकाची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती. माझे नाव पुढे होते, आणि ते माझ्या नोंदींच्या नावलौकिकामुळे होते. हे मी कारण म्हणून सांगतो, समर्थन म्हणून नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी सुटीवर होतो. बांधकामाच्या नोंदवहीत तशी काही नोंद नाही.”

विद्यार्थ्यांना मी शिकवत असे, की प्रत्येक पायरी बरोबर असूनही उत्तर चुकू शकते, जर दिलेल्यांपैकी एक गोष्ट तुम्ही लपवली. माझी दोन्ही वाक्ये बरोबर होती.

गोधडीसाहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. रागाने नव्हे. वही तपासताना हुशार मुलाचे गणित चुकलेले दिसावे, तसे. मग त्यांनी खाकी कव्हरची नियमावली पिशवीत घातली, आणि निघताना, पश्चिमेच्या भिंतीजवळ आले की इतकी वर्षे जे कधी चुकले नव्हते, ते चुकले. दाराशी भिंत हाताला लागत असतानाही त्यांनी तिला हात लावला नाही.

दसऱ्यानंतर थर सोलून काढला. गवंड्यांना खुंट्या दिसल्या. त्यांनी त्या उपटल्या, मोळी बांधली आणि पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवल्या. खुंट्या काही नवलाची गोष्ट नव्हती. त्या दरवर्षीच असत. कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. तीन खोल्या सोलून झाल्यावर काम थांबले. कोपऱ्याच्या चौथ्या खोलीपर्यंत धर्माचे झाप पोचले नव्हते, ती कोरडी होती, आणि तिच्यात जुनी बाके भरलेली होती. ती कोण हलवणार म्हणून ती तशीच राहिली. दुसरी बाजू नेहमीच्या पद्धतीने, भिंतीतून काढलेल्या छज्ज्यांसह बांधली गेली. मी मुख्याध्यापक झालो. तिसऱ्या प्रहरी मुले पेंगतात अशी तक्रार शिक्षक माझ्याकडे करीत, आणि मी त्यांना मुलांना प्रश्न विचारीत राहण्याचा सल्ला देत असे.

पेणमध्ये ‘गोधडी भिजली’ ही गोष्ट महिनाभर पुरली. त्यांच्याकडे नकाशाला येणारी माणसे कमी झाली, मग थांबली. कार्यालयाची पाटी उतरल्याचे मला कळले होते. पेण काही दूर नव्हते. मी गेलो नाही.

चार वर्षांनी निडी स्टेशनवर ते भेटले. मी परीक्षेच्या कामासाठी तिथल्या शाळेत गेलो होतो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत होतो. ते बाकावर बसले होते, मांडीवर डबा. रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पुन्हा नळ्या गुंडाळत होते. त्या दिवशी रात्रपाळीला जाताना इथे एका मजुराच्या घरी काही निरोप द्यायला उतरले होते. पत्र्याने कापलेल्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. हातांवर दगडी लोकरीने उठणारे तांबडे पुरळ होते.

“साहेब, त्या सभेत मी...” मी सुरुवात केली.

“गाडी किती लेट आहे, विचारलंत का?” ते म्हणाले. मग समोर पाहतच, “कोपऱ्याची खोली आहे अजून?”

“आहे.”

“तिला हात लावता?”

“लावतो. रोज चार वाजता. शेजारच्या खोलीलाही लावतो.”

“फरक?”

“आहे.”

“मग लिहून ठेवा कुठंतरी.” त्यांनी डबा पिशवीत ठेवला. “तुमच्या वहीत नोंद नसली, की गोष्ट घडलेलीच नसते.”

गाडी आली. ते पुढच्या डब्यात चढले. मी मागच्या.

ते गेल्याचे मला उशिरा कळले. पेणला गेलो तेव्हा आक्काच्या शेडला पेंढ्याचा तो गिलावा अजून होता. दर वर्षी ती तो स्वतः लिंपत असे. वहिनींनी मला बसवले, चहा दिला, आणि एक गुंडाळी आणून ठेवली. “हे तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं त्यांनी. का, ते मला सांगितलं नाही. तुम्हांला समजेल म्हणाले.”

आमच्या शाळेचा छेद होता. भोवती ती अखंड तांबडी रेघ, माझ्याच हातची. पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी नंतर काळ्या शाईने लहान लहान वर्तुळे काढली होती, दोन-दोन हातांवर. आणि भिंतीपासून चार बोटे दूर, छज्ज्याच्या खांबांना जोडणारी एक आडवी दांडी. दांडीपाशी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘झाप बांधायला आधीच इथे दांडी द्यावी. इथली माणसे पावसाआधी काय करतात, हे मी विचारले नाही. चूक नकाशाची.’

मी तो कागद वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे चूक यांचीच होती तर. मला वाटायचं, कोणी तरी दुसऱ्यानं केली असावी.”

मी कागदाची पुन्हा गुंडाळी केली. चहा संपवला आणि उठलो.

तर प्रश्नाचे उत्तर असे. भिंत भिजली ती खुंट्यांमुळे. खुंट्या ठोकल्या गेल्या त्या माझ्या यादीतल्या सातव्या ओळीमुळे. आणि भिंतीची पद्धत बाद झाली ती माझ्या दोन बरोबर वाक्यांमुळे. ज्यांना सांगायला हवे होते ते अध्यक्ष आता नाहीत. वहिनींना हे छापील पान मी स्वतः नेऊन देणार आहे. दोन्ही वह्या माझ्याजवळ आहेत, आणि मागणाऱ्याला मी त्या शेजारी शेजारी ठेवून दाखवीन.

मात्र केवळ माझ्या सांगण्यावरून कोणी हे खरे मानू नये. याच भिंतीविषयी मी एकदा साक्ष दिलेली आहे. शाळा अजून उभी आहे. एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी चारच्या सुमारास या. शिपायाला सांगितले तर तो कोपऱ्याची खोली उघडून देतो. पश्चिमेच्या भिंतीला आतून आधी तिथे तळहात लावा, मग शेजारच्या खोलीत लावा. हात स्वतःचा वापरा.